पायाची जखम भरत नाही म्हणून मलम घ्यायला आलात? मग हे वाचा

"मलम संपलं, तेवढं द्या. गोळ्या नकोत, जखम सुकत आलीय." सदाशिव पेठेतल्या आमच्या काउंटरवर हे रोज कुणीतरी म्हणतं आणि समजावण्यात दहा मिनिटं जातात. मागे रांग तोंड वाकडं करते. म्हणून हा कागद.

पायाला रक्त कमी पोचतं म्हणून जखम रेंगाळली असेल, तर मलम ती वरून सांभाळतं, एवढंच. क्लोपिडोग्रेल किंवा अ‍ॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम ही गुठळी होऊ नये म्हणून, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन धमनीतला थर वाढू नये म्हणून. कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं तरी ती चालूच असते. जखम सुकली म्हणून किंवा दात काढायचाय म्हणून या गोळ्या परस्पर बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. आणि धमनी फारच बंद असेल तर गोळ्यांवर भागत नाही, अँजिओप्लास्टी किंवा बायपास लागते, हेही आम्ही सांगतो.

सगळा घोळ सिलोस्टॅझॉलचा. चालताना पोटरीत गोळा येतो त्यासाठी ही देतात, बहुतेकदा १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. ती जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यायची. परवा एक काका दहाची स्ट्रिप घेऊन आले, चार गोळ्या गेलेल्या, बाकीच्यांना रबरबँड. "डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, परत घ्या." विचारलं तर गोळी मिसळ खाताना घेतलेली! तेलकट खाण्याबरोबर ती रक्तात एकदम चढते. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी बारा आठवडेही लागतात. चार गोळ्यांत काय कळणार? (फोडलेली स्ट्रिप परत घेत नाही.) मात्र धडधड थांबत नसेल तर डॉक्टरांना लगेच कळवा.

ही गोळी देताना हार्टचं पंपिंग कमी आहे का, असं आम्ही विचारतो. काहींना ही चौकशी आगाऊ वाटते. पण हार्ट फेल्युअर असलेल्याला ही गोळी चालतच नाही. अ‍ॅसिडिटीसाठी ओमेप्राझोल घेत असाल तर तेही सांगा, डॉक्टर बहुधा डोस निम्मा करतात.

सूज उतरवायला घट्ट स्टॉकिंगही आम्ही एबीआयचा (घोट्याचं आणि दंडाचं बीपी ताडून पायाला रक्त किती पोचतं ते बघणारी तपासणी) रिपोर्ट बघितल्याशिवाय देत नाही. आधीच रक्त कमी, त्यात पाय आवळला तर जखम चिघळते. गरम पाण्याची पिशवी नको, मशेरी-तंबाखू तर नकोच नको.

ड्रेसिंगचं गॉज आमच्याकडे सुटंही मिळतं. प्रत्येक स्ट्रिपवर वेळ पेनानं लिहून देतो, आणि नेहमीच्या ग्राहकांना गोळ्या संपायच्या पाच दिवस आधी फोन करतो. पेठांमध्ये घरपोच.

पाऊल अचानक गार, पांढरं किंवा काळं पडलं, असह्य दुखू लागलं, तर आमच्याकडे वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

एरवी येताना चिठ्ठी आणा. मोबाइलवरचा फोटो दाखवणार असाल तर तारीख दिसू द्या.