काउंटर-स्ट्राइक

संगणकावरील प्रथमपुरुषी (म्हणजे पात्राच्या नजरेतून खेळायचा) नेमबाजी खेळ. दहशतवादविरोधी पथक आणि दहशतवादी या दोन गटांतील चकमक हा त्याचा विषय. बेळगाव सीमाभागात ‘सीएस’ किंवा नुसते ‘काउंटर’ म्हटले की बहुधा २००३ ची १.६ ही आवृत्तीच अभिप्रेत असते.

खेळाचा जन्म कधीचा मानावा, याविषयी मतभेद आहेत. मिन्ह ले व जेस क्लिफ यांनी व्हॅल्व्ह कंपनीच्या ‘हाफ-लाइफ’ (१९९८) या खेळात फेरफार करून तो घडविला आणि पहिली चाचणी-आवृत्ती जून १९९९ मध्ये मोफत खुली केली. दुकानांत तो नोव्हेंबर २००० मध्ये आला. काही जण हीच दुसरी तारीख धरतात. परंतु ओलिसांची सुटका आरंभापासून होती आणि बॉम्ब निकामी करण्याचा प्रकारही १९९९ अखेरपर्यंत दाखल झाला होता, हे पाहता १९९९ हेच वर्ष अधिक सयुक्तिक वाटते. त्याचे ‘गोल्डसोर्स’ इंजिन (खेळ चालविणारी मूळ आज्ञावली) ‘क्वेक २’ या दुसऱ्या नेमबाजी खेळावरून घेतल्याचे पुष्कळदा लिहिले जाते; वस्तुतः त्याचा पाया मूळ ‘क्वेक’ चा असून ‘क्वेक २’ मधील भाग अल्प आहे. ले यांनी आधी ‘अ‍ॅक्शन क्वेक २’ या फेरफारासाठी काम केले होते, त्यातून हा गोंधळ उद्भवला असावा.

फेरीत मेलेला खेळाडू पुढील फेरीपर्यंत बाहेर राहतो. शस्त्रे घेण्यासाठी पहिल्या फेरीस ८०० (खेळातले) डॉलर मिळतात, कमाल रक्कम १६,०००. बॉम्ब निकामी करण्यास १० सेकंद, तर २०० डॉलरचे किट असल्यास ५ सेकंद लागतात. पैसे सोबत्याला देता येत नाहीत, बंदूक मात्र टाकता येते. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडील सायबर कॅफेंत लॅनवर (एकमेकांना जोडलेल्या संगणकांवर) खेळताना ‘एके टाक रे’ (एके-४७ बंदूक टाक) ही हाक कानी पडे. ज्याच्याकडे पैसे असत तो दुसरी बंदूक विकत घेऊन ‘जी’ कळ दाबी आणि कफल्लक सोबती ती उचलून धावे. मराठी, कन्नड व उर्दू बोलणारी मुले एकाच गटात असत, आणि ‘बॉम्ब बी ला (नकाशातील ‘बी’ या जागी) लावलाय, मागनं ये’ एवढे मराठी सर्वांना कळे.

१.६ ला ५०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर व ९६ एमबी स्मृती पुरते. नव्या आवृत्त्या निघाल्यावरही जुन्या यंत्रांवर ती टिकली, याचे मुख्य कारण हेच दिसते. पुढे ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ (२०१२) व ‘काउंटर-स्ट्राइक २’ (२०२३) आल्या.