गांधीजींचे दोन पाद्री: अँड्र्यूज आणि एल्विन

गांधीजींवरच्या लेखात ‘त्यांचे एक इंग्रज पाद्री मित्र’ असा उल्लेख आला की सी. एफ. अँड्र्यूज आणि व्हेरिअर एल्विन यांची हमखास गल्लत होते. होणारच. दोघेही अँग्लिकन, एक केंब्रिजचे, दुसरे ऑक्सफर्डचे. दोघांनी खादी अंगावर चढवली, सरकारविरुद्ध लिहिलं आणि दोघेही गांधीजींना घरच्यासारखे होते. पण अँड्र्यूज 1904 मध्ये दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवायला आले, तेव्हा एल्विन दोन वर्षांचेही नव्हते. आणि वयापेक्षाही मोठा फरक आहे तो राजकारणापायी दोघांच्या पाद्रीपणाचं काय झालं यात.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख म्हणजे खुद्द राजा. दीक्षा घेताना, नेमणूक स्वीकारताना पाद्री राजनिष्ठेची शपथ घेतो. त्यामुळे राजवटीविरुद्ध बोलणारा अँग्लिकन पाद्री एकाच वेळी पोलिसांच्याही नजरेत भरतो आणि बिशपच्याही.

अँड्र्यूज या कात्रीत फारसे सापडले नाहीत, कारण त्यांनी स्वतःच पाद्र्याची कामं बाजूला ठेवली होती, आणि तीही राजकारणामुळे नव्हे. चर्चच्या काही श्रद्धावचनांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. साल 1914. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोखल्यांच्या सांगण्यावरून ते दक्षिण आफ्रिकेला गेले. दरबानच्या धक्क्यावर ‘गांधी कोण?’ असं विचारून त्यांनी सरळ वाकून गांधीजींच्या पायांना हात लावला. तिथल्या गोऱ्यांचा तिळपापड झाला. गांधी आणि तिथले मंत्री जनरल स्मट्स यांच्यातल्या वाटाघाटींत मग याच माणसाने मध्यस्थी केली.

त्यांचं राजकारण हे असं होतं. जागेवर जायचं, डोळ्यांनी बघायचं, अहवाल लिहायचा आणि तो थेट व्हाइसरॉयच्या टेबलापर्यंत पोचवायचा. 1915 मध्ये ते विली पिअर्सन यांच्याबरोबर फिजीला गेले. उसाच्या मळ्यांवर पाच वर्षांच्या गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, नेलेले भारतीय मजूर तिथे चाळवजा ‘लाइनीं’त राहायचे. कायद्याने शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवायच्या, म्हणजे संसार मोडण्याची तजवीज कागदावरच झालेली. 1916 च्या सुरुवातीला दोघांचा अहवाल आला. मार्चमध्ये मालवीयांनी कौन्सिलात गिरमिटबंदीचा ठराव मांडला आणि व्हाइसरॉय हार्डिंज यांनी तो मान्य केला. प्रत्यक्षात शेवटचे गिरमिट 1920 मध्ये रद्द झाले. सगळं श्रेय एका माणसाला देणं चूक ठरेल, पण ‘दीनबंधू’ हे बिरूद त्यांना फुकट मिळालं नाही, हेही खरं.

शिवाय ते गांधीजींचे होयबा नव्हते. 1921 मध्ये मुंबईत परळला विदेशी कापडाची होळी झाली. अँड्र्यूज यांनी गांधीजींना लिहून कळवलं की आपल्याच भावाबहिणींच्या हातांनी घडलेलं सुंदर वस्त्र जाळणं मनाला पटत नाही. गांधीजींनी ते पत्र ‘यंग इंडिया’त छापलं आणि उत्तरही दिलं. हेच अँड्र्यूज तोवर संपूर्ण स्वातंत्र्याची बाजू घेऊन मोकळे झाले होते. काँग्रेसला त्या ठरावासाठी 1929 उजाडावं लागलं. आणि हे सगळं करून शेवटच्या वर्षांत ते पुन्हा पाद्र्याच्या कामाकडे वळले.

एल्विन यांची गोष्ट आपल्या पुण्यात सुरू होते. 1927 च्या अखेरीस ते जॅक विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. जमिनीवर बसून शाकाहारी जेवण, अंगावर खादी, असा तिथला शिरस्ता. पुढच्या वर्षी साबरमती पाहिली आणि गडी काँग्रेसचा झाला! ख्रिस्ताची शिकवण आणि सत्याग्रह यांची सांगड घालणारी पुस्तिका त्यांनी 1930 मध्ये लिहिली. 4 जानेवारी 1932 च्या पहाटे मुंबईतल्या मणिभवनात गांधीजींना अटक झाली, तेव्हा एल्विन आणि त्यांचे मराठी ख्रिस्ती सोबती शामराव हिवाळे तिथेच मुक्कामाला होते. लगेच एल्विन सरहद्द प्रांतातली दडपशाही बघायला गेले आणि तिथून हुसकावले गेले.

मग दोन्ही बाजूंनी फास आवळला. मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायचं ठरलं, पण नागपूरचे बिशप राजनिष्ठेच्या शपथेशिवाय परवाना देईनात आणि एल्विन शपथ घेईनात. इंग्लंडला गेले, तर परतीच्या वाटेवर सरकारने अट घातली: राजकारणात पडणार नाही असं लिहून द्या. ते त्यांनी दिलं. म्हणजे बिशपपुढे न वाकलेला माणूस पासपोर्टसाठी वाकला. यात मला भ्याडपणा दिसत नाही. करंजियाला परतायचं तर दुसरा मार्गच नव्हता. पण चळवळीतले एल्विन तिथे संपले. 1935 मध्ये त्यांनी चर्चही सोडलं. दारूबंदी आणि ब्रह्मचर्य या गांधीवादी आग्रहांशी गोंडांच्या नाचगाण्यांत रमलेल्या एल्विन यांचं जमेना, आणि तेही अंतर वाढत गेलं.

पुढचे एल्विन म्हणजे बैगा आणि मुरिया या आदिवासी जमातींवर लिहिणारे अभ्यासक. आदिवासींना वेगळं राखावं की हिंदू समाजाचाच भाग मानावं, यावरून मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली, ती याच काळात. 1954 मध्ये ते भारताचे नागरिक झाले आणि नेफा (ईशान्य सरहद्द प्रदेश, आजचा अरुणाचल) प्रशासनाचे आदिवासीविषयक सल्लागारही. ज्यांनी एका सरकारची शपथ नाकारली, ते दुसऱ्याच्या नोकरीत रमले. फक्त आता सरकार नेहरूंचं होतं.

तेव्हा उल्लेख दक्षिण आफ्रिका, फिजी किंवा टागोरांच्या शांतिनिकेतनचा असेल, तर पाद्री अँड्र्यूज समजावेत. गोंड, बैगा किंवा नेफा आलं की एल्विन. मात्र 1935 नंतरच्या प्रसंगात त्यांना पाद्री म्हणू नये.