महामालिकेचे पर्वनियोजन

महामालिकेचे पर्वनियोजन : अनेक राज्ये, घराणी आणि मायावी शक्ती असलेल्या कल्पित जगावरच्या दूरचित्रवाणी मालिकेच्या एका पर्वात, म्हणजे सीझनमध्ये, कोणती कथानके चालवायची, ती कुठे एकमेकांत गुंतवायची आणि सगळ्यांना कोणत्या आशयसूत्रात, म्हणजे थीममध्ये, ओवायचे, हे संवाद लिहिण्याआधी ठरवण्याची प्रक्रिया. मालिकालेखक कथानकाच्या प्रत्येक धाग्याला ‘ट्रॅक’ म्हणतात.

नियोजनाची सुरुवात साध्या हिशेबाने होते. अशा मालिकांचे पर्व बहुधा आठ ते दहा भागांचे आणि भाग साधारण तासाभराचा असतो. दहा भागांत पाच ट्रॅक सारखे वाटले तर प्रत्येकाला दोन तास मिळतात, म्हणजे एका चित्रपटाएवढे. सात ट्रॅक घेतले की दीड तासही उरत नाही. शिवाय दर ट्रॅकची माणसे वेगळ्या मुलखात असल्याने सेट, वेशभूषा आणि गर्दी वेगळी लागते, त्यामुळे ट्रॅकच्या संख्येत निर्मात्याचा शब्द लेखकाइतकाच चालतो. मग फळ्यावर आडवे भाग, उभे ट्रॅक अशी चौकट आखून प्रसंगांची कार्डे लावली जातात. नवख्या लेखकांच्या फळ्यावर एकही चौकोन रिकामा नसतो आणि दर भागात प्रत्येक पात्र पाच मिनिटे येऊन हजेरी लावून जाते. एखादा ट्रॅक दोन भाग गायब राहून जोरात परतला तर प्रेक्षक तक्रार करत नाही.

पर्वातली सर्वांत मोठी घटना कुठे ठेवावी याबद्दल ‘गेम ऑफ थ्रोन्स’ (२०११–२०१९) या मालिकेचा दाखला नेहमी दिला जातो. तिच्या सुरुवातीच्या दहा भागांच्या पर्वांत मोठा आघात नवव्या भागात होई आणि दहावा भाग त्याच्या परिणामांना मिळे. मूळ कादंबरीमालेतल्या तिसऱ्या खंडाचा ऐवज तिसऱ्या आणि चौथ्या पर्वांत विभागला होता. पुस्तकाचा शेवट आणि पर्वाचा शेवट एकच असावा लागत नाही, हे त्यातून दिसते. भारतात बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारत’ (१९८८–१९९०) या ९४ भागांच्या मालिकेने विखुरलेल्या उपकथा बांधण्यासाठी ‘समय’ हा निवेदक वापरला. निवेदक कथा सांधतो, पण आशयसूत्राची जागा घेऊ शकत नाही. मराठी दैनंदिन मालिकांत पर्वाचा शेवट आधी ठाऊक नसतो. आठवड्याचा टीआरपी पाहून ट्रॅक लांबतो किंवा गुंडाळला जातो, त्यामुळे पर्वनियोजनाची सवय तिथे फारशी लागत नाही.

आशयसूत्र हे तात्पर्य मानले की पर्व प्रवचन होते. ते प्रश्नाच्या रूपात मांडावे आणि प्रत्येक ट्रॅकने त्याचे वेगळे उत्तर द्यावे, ही पद्धत अधिक उपयोगी ठरते. नाशिकच्या परिसरावर बेतलेल्या आठ भागांच्या एका कल्पित पर्वाचे उदाहरण घेऊन ती स्पष्ट करता येते.

सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती नहपान या क्षत्रप (शक) राजाची नाणी होती आणि त्यांतल्या बहुतांश नाण्यांवर विजेत्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. नव्या ठशाखाली जुन्या राजाचा चेहरा अनेक नाण्यांवर अर्धवट दिसतो. नाशिकजवळच्या पांडवलेणींत नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांचे लेख आहेत, आणि त्याच डोंगरात सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा, मुलाने नहपानाचे क्षहरात घराणे निर्मूल केल्याचे सांगणारा लेखही आहे. एवढ्या सामग्रीतून प्रश्न आपोआप पुढे येतो : ज्याचे नाव पुसले गेले, तो खरोखर हरला का?

कल्पित जगातला जादूचा नियमही याच प्रश्नातून काढावा. समजा, नाण्यावर ज्याचा चेहरा, त्याला ते नाणे जिथे जाईल तिथले बोलणे ऐकू येते. मग ठसा बदलूनही जुना राजा ऐकतच राहणार. पहिला ट्रॅक टाकसाळीतल्या कारागिराचा, ज्याला हे प्रथम कळते. दुसरा राजमातेचा, जी मुलाचे नाव दगडात कोरून घेते, कारण दगडाला कान नसतात.

तिसरा ट्रॅक गडाचा. त्याला आधार नाशिकजवळच्या रामशेजचा. १६८२ पासून मोगल फौजेपुढे काही वर्षे टिकलेल्या या किल्ल्याच्या किल्लेदाराच्या नावाबद्दल एकवाक्यता नाही. वेढ्यात सोन्याचा नाग घेऊन फौजेपुढे चाललेल्या मांत्रिकाची हकिकत मोगल इतिहासकार खाफीखानाने दिली आहे. अद्भुतकथेला यापेक्षा अधिक काय हवे! आपल्या गडावर नाणे चालतच नाही, सारा व्यवहार धान्यात होतो, म्हणून दोन्ही राजांना गडावरचे काही ऐकू येत नाही. रामशेज अखेर फितुरीने पडला. इथेही सातव्या भागात लाचेची थैली गडावर चढते, आणि तिच्याबरोबर दोघांचे कान. टाकसाळीचा आणि गडाचा ट्रॅक इथे भेटतात. पर्वाचा मोठा आघात हाच.

चौथा ट्रॅक नदीचा. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले, गुडघ्याला, कमरेला की छातीला, यावरून नाशिककर पूर मोजतात. आठ भागांच्या पर्वाला याहून चांगले घड्याळ सापडणार नाही. यात्रेकरू घराण्यांच्या नामावलीच्या वह्या सांभाळणाऱ्या तीर्थोपाध्यायाची मुलगी चढत्या पाण्याबरोबर वह्या वर वर नेत राहते. कोणत्या वह्या सोडायच्या हे तिला ठरवावे लागते, आणि प्रश्नाचे सर्वांत अवघड उत्तर तिच्या वाट्याला येते.

आशयसूत्राचा खरा उपयोग कापाकापीत होतो. नाशिक म्हटल्यावर अमृतकुंभाचा ट्रॅक सुचणारच. दर बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ, आखाडे, मिरवणुका असे सगळे भव्य दृश्य त्यात आयते मिळते. पण अमृताचा प्रश्न मरणाचा आहे, नावाचा नाही. तो दुसऱ्या पर्वासाठी राखून ठेवावा. पंचवटीतली रामकथाही जशीच्या तशी उचलू नये, कारण प्रेक्षकाला पुढचा प्रसंग तोंडपाठ असतो आणि कल्पित जगाबद्दलचे कुतूहल तिथेच संपते. सातवाहन काळ आणि सतराव्या शतकातला वेढा एकत्र आणायचा तर राजांची आणि गडांची नावे बदलावी लागतात. अन्यथा ती ऐतिहासिक मालिका ठरते आणि तिच्याकडून पुराव्याची अपेक्षा रास्तच असते.

चित्रीकरण भागांच्या क्रमाने होत नाही, स्थळांच्या क्रमाने होते. गडावरचे आठही भागांतले प्रसंग एकाच सलग वेळापत्रकात उरकले जातात आणि पुराची दृश्ये पावसाळ्यात घेतली जातात. त्यामुळे त्याआधी आराखडा पक्का व्हावा लागतो. पुढे बदल करायला वाव राहतो तो मुख्यतः संकलनात आणि आवाजात. वरच्या उदाहरणात नाण्यांतून ऐकणारा जुना राजा पडद्यावर कमी आणि आवाजात अधिक येतो, म्हणून त्याचे संवाद डबिंगच्या दिवसापर्यंत बदलता येतात.