नामचे बाजार

नेपाळच्या सोलुखुंबू जिल्ह्यातील शेर्पांचे गिरिनगर. उंची सु. ३,४४० मी. एव्हरेस्टच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवरील मुख्य मुक्काम.

वस्ती नेमकी कधीची, याविषयी मतभेद आहेत. जर्मन मानवशास्त्रज्ञ मायकेल ओपिट्झ यांनी कुलपरंपरा व हस्तलिखिते यांवरून शेर्पांचे पूर्व तिबेटातील खाम प्रांतातून खुंबूत (एव्हरेस्टच्या दक्षिणेकडील, नामचे असलेल्या प्रदेशात) झालेले आगमन सोळाव्या शतकात धरले. मात्र त्यावरून नामचेचा काळ ठरत नाही. थामे, पांगबोचे ही खुंबूतील गावे नामचेहून जुनी मानतात. नांगपा ला खिंडीतून (सु. ५,७०० मी.) चालणाऱ्या मीठ-धान्याच्या व्यापारावर नामचे वाढले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. १९५९ नंतर तिबेटशी असलेला हा व्यापार ओसरला. शनिवारचा आठवडी बाजार त्यानंतरचा, बहुधा १९६०च्या दशकातील असल्याने तो जुन्या व्यापाराचा अवशेष समजू नये.

सोलापूरहून नामचेला जाणाऱ्याने उंचीचा विचार आधी करावा. सोलापूर सु. ४५० मी. उंचीवर आहे आणि सरावासाठी गाठले जाणारे कळसूबाई (१,६४६ मी.) नामचेच्या निम्म्या उंचीचेही नाही. सरावाने दम वाढतो. विरळ हवेची सवय मात्र उंचावर राहूनच होते. ३,००० मी.च्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मी.हून अधिक वाढवू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. लुक्ला (सु. २,८५० मी.) येथे विमानाने उतरून लोक सहसा फाकदिंगला (सु. २,६१० मी.) राहतात आणि दुसऱ्या दिवशी एकदम ८३० मी. चढतात. त्याऐवजी मोंजोत (सु. २,८३५ मी.) मुक्काम केला तर ही उडी ६०० मी.वर येते, सपाटीवरून येणाऱ्याने हाच टप्पा धरावा. नामचेत दोन रात्री हव्यातच. मधल्या दिवशी वरच्या खुमजुंग गावापर्यंत चढून झोपायला खाली यावे. डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर पुढे चढू नये. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरावे.

दिवाळीची सुट्टी गिरिभ्रमणाच्या हंगामात बसते. सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तेथून विमानाने काठमांडू हा एक मार्ग. विमानासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. १५ ते ६५ वयाच्या प्रवाशांना आधार चालत नाही. लुक्लाची विमाने गर्दीच्या दिवसांत पुष्कळदा काठमांडूऐवजी रामेछापच्या विमानतळावरून सुटतात व ढगांमुळे अडकतात, म्हणून परतीच्या रेल्वे आरक्षणाआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत. छोट्या विमानात सामानाचे वजन काटेकोर मोजतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी त्या वजनात धरूनच बांधावी.