लिव्हर-ॲक्शन रायफलसाठी रिव्हॉल्व्हरच्या हलक्या काडतुसांचे पुनर्भरण

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत नवा प्रायमर (आघाताने पेटून दारू पेटवणारी बुडाची टोपी), नेहमीपेक्षा कमी दारू आणि बहुधा शिशाची गोळी भरून ते लिव्हर-ॲक्शन रायफलमध्ये (घोड्याजवळची तरफ खालीवर करून काडतूस भरण्याच्या रायफलमध्ये) चालेल असे तयार करण्याची पद्धत. ती मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ आहे. मंद धक्का व काटकसर हे तिचे उघड हेतू होत.

दोन्ही शस्त्रांना एकच काडतूस ही सोय विंचेस्टर कंपनीच्या १८७३ च्या रायफल-नमुन्यामुळे सार्वत्रिक झाली. त्याच्या .४४-४० काडतुसात ४० ग्रेन (सु. २.६ ग्रॅ.) काळी दारू व २०० ग्रेन (सु. १३ ग्रॅ.) वजनाची गोळी असे. कोल्ट कंपनीचे रिव्हॉल्व्हर याच काडतुसासाठी १८७७-७८ च्या सुमारास मिळू लागले. हाताने भरण्याची अवजारेही त्याच दशकात विकली जात; जॉन बार्लो यांच्या आयडियल कंपनीची चिमट्यासारखी अवजारे १८८४ नंतरची.

कोल्टचे स्वतःचे .४५ काडतूस मात्र एकोणिसाव्या शतकातील लिव्हर-रायफलींत आढळत नाही, आणि त्याच्या कारणांविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार कोल्ट व विंचेस्टर या कंपन्यांची व्यापारी चढाओढ आड आली. दुसऱ्या मतानुसार त्या काळच्या पुंगळीची बूड-रचना कमकुवत होती, पण.४४-४० ची पुंगळीही फारशी मजबूत नव्हती. तिसरे मत पुंगळीच्या बुडाभोवतीच्या अरुंद कडेवर बोट ठेवते. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमधून रिकामी पुंगळी आतून दांड्याने ढकलून काढतात, त्यामुळे तेथे रुंद कडेची गरज नव्हती. रायफलच्या, पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याला मात्र कडच पकडावी लागते. स्मिथ अँड वेसनच्या स्कोफील्ड रिव्हॉल्व्हरमध्येही पुंगळ्या कडेने ओढल्या जात व त्याच्या .४५ काडतुसाची कड मुद्दाम रुंद केलेली होती, हे ध्यानात घेता तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कडेपुढे खाच असलेल्या आधुनिक पुंगळ्यांमुळे ही अडचण उरली नाही.

रायफलमध्ये काडतूस चालणे न चालणे पुष्कळदा त्याच्या एकूण लांबीवर ठरते. .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पुंगळी सु. २९.३ मिमी., तर त्याच व्यासाच्या .३५७ मॅग्नमची सु. ३२.८ मिमी. लांब असते. .३५७ च्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या भागात) .३८ स्पेशल निर्धोकपणे उडते, पण ती चेंबरपर्यंत नीट पोहोचेलच असे नाही. १८७३ च्या नमुन्यात काडतूस वर उचलणाऱ्या ठोकळ्यात एकच काडतूस मावते व त्याच्या लांबीनेच पुढचे काडतूस बाहेर थोपवले जाते. ते आखूड भरले असेल, तर पुढच्याचे बूड ठोकळ्यात शिरते आणि यंत्रणा अडकते. फार लांब असेल, तर ते मावतच नाही. म्हणून लांब नाकाची गोळी निवडून एकूण लांबी वाढवतात. नळीखालच्या, काडतुसे एकामागे एक ठेवण्याच्या नळकांडी मॅगझिनमध्ये प्रत्येक गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकलेले असते. त्यामुळे नाक चपटेच हवे. पुंगळीचे तोंड गोळीवर घट्ट वळवले नाही, तर मॅगझिनच्या स्प्रिंगच्या दाबाने व धक्क्याने गोळी आत सरकते आणि दाब वाढतो.

दारू कमी केली की दाब उतरतो आणि पुंगळी चेंबरच्या भिंतीला पुरेशी चिकटत नाही. वायू मागे येतो. .४५ कोल्टची रिकामी पुंगळी मग बाहेरून काजळीने काळी होऊन निघते व यंत्रणाही माखते. .४४-४० च्या पुंगळीचे तोंड पातळ असल्याने ती लवकर फुगते, आणि अनुभवी नेमबाज हलक्या भरणासाठी तिला पसंती देतात.

लांब नळीचा लाभ येथे अल्प असतो. झटपट जळणारी थोडी दारू नळीच्या सुरुवातीलाच संपते, पुढे घर्षण तेवढे उरते. फारच हलके भरण गोळी नळीत अडकवू शकते; तांब्याचे आवरण असलेल्या गोळीला हा धोका शिशाच्या गोळीहून अधिक असतो. अडकलेल्या गोळीमागून दुसरी सोडल्यास नळी फुगते किंवा फुटते. आवाज क्षीण आला की थांबून, शस्त्र रिकामे करून नळी आरपार मोकळी असल्याचे पाहणे अनिवार्य आहे.

मोठ्या पुंगळीतील अतिअल्प दारूचा आपोआप स्फोट होतो, असे काही लेखक सांगतात. यांपैकी अनेक अपघात दुप्पट भरणाचे असावेत, हे स्पष्टीकरण अधिक संभाव्य दिसते, कारण हलके भरण दोनदा पडले तरी पुंगळी ओसंडत नाही. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेडात डोकावून दारूची पातळी पाहतात. पुंगळी भरून काढणाऱ्या फुगीर, कडीच्या आकाराच्या कणांच्या दारूने हा धोका घटतो. भरणाची मापे दारू-उत्पादकांच्या तक्त्यांतूनच घ्यावीत. त्यांतील किमान मापाखाली जाऊ नये.

१९८० च्या दशकात संघटित झालेल्या काउबॉय नेमबाजीने (जुन्या धाटणीच्या शस्त्रांनी खेळल्या जाणाऱ्या स्पर्धांनी) अशा काडतुसांना मोठी मागणी आणली. या खेळाची संघटना असलेल्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमांनुसार रायफलच्या गोळीचा वेग सेकंदाला १,४०० फूट (सु. ४२७ मी.) आणि रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा १,००० फूट (सु. ३०५ मी.) यांहून अधिक नसावा.