तांत्रिक लेखक : कौशल्ये

यंत्र, सॉफ्टवेअर किंवा एखादी कार्यपद्धती कशी वापरावी, जोडावी, दुरुस्त करावी हे वापरणाऱ्याला कळेल अशा रीतीने लिहून देणारा तो तांत्रिक लेखक. माहितीपुस्तिका, हेल्पची पाने, एपीआयचे (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी देवाणघेवाण करण्याच्या ठरलेल्या पद्धतीचे) डॉक्युमेंटेशन, सुरक्षा-सूचना ही त्याची नेहमीची कामे. भाषा चांगली असली की हे काम जमते असा समज आहे. प्रत्यक्षात लिहायला बसेपर्यंत निम्म्याहून अधिक काम उरकलेले असते.

ते काम म्हणजे विचारणे. यंत्र घडवणारा अभियंता ते इतके जवळून ओळखतो की मधल्या पायऱ्या त्याला दिसेनाशा होतात. ‘मग सर्व्हर सुरू करा’ असे तो सहज सांगून जातो. कोणत्या फोल्डरमधून, कोणत्या लॉगिनने, आणि सुरू झाला हे कशावरून ओळखायचे, हे लेखकाने खोदून विचारायचे असते. अज्ञान उघडे पडेल म्हणून जो नुसती मान डोलावतो, त्याच्या पुस्तिकेत नेमकी तीच पायरी गाळलेली सापडते. मुरलेले लेखक तर सांगितलेल्यावरही विसंबत नाहीत. काहीही इन्स्टॉल नसलेल्या संगणकावर प्रत्येक पायरी स्वतः करून पाहतात.

क्रमाचे भान तितकेच मोलाचे. ‘झाकण उघडा व लाल तार सोडवा. त्याआधी वीजपुरवठा बंद करा.’ व्याकरण बिनचूक आहे. पण वाचणारा एक हात यंत्रात घालून ओळीओळीने वाचतो. दुसऱ्या वाक्याशी पोचेपर्यंत तार त्याच्या बोटांत आलेली असते. मराठीत कर्मणी प्रयोगही असाच फसवतो. ‘बदल केल्यावर प्रणाली पुन्हा सुरू केली जाते’ : कोण करते? आपोआप होते, की वाचणाऱ्याने करायची? ‘प्रणाली पुन्हा सुरू करा’ म्हटले की प्रश्न मिटतो.

शाळेतल्या निबंधाने लावलेली एक सवय इथे मोडावी लागते, ती म्हणजे तोच शब्द पुन्हा न वापरण्याची. एका पानावर ‘कळ’, पुढे ‘बटण’, मग ‘खटका’ असे लिहिले की वाचक तीन वस्तू शोधू लागतो. इंग्रज कवी जेफ्री चॉसरने १३९१ च्या सुमारास ॲस्ट्रोलेब या खगोलीय उपकरणाची माहिती लुईस या दहा वर्षांच्या मुलासाठी लिहिली. मुलाला लॅटिन फारसे येत नाही म्हणून ती इंग्रजीत लिहिली, आणि मुलाने एकदा विसरण्यापेक्षा आपण दोनदा लिहिलेले बरे, असे प्रस्तावनेत नोंदवले. वाचक कोण हे इतके नेमके ठाऊक असण्याचे भाग्य आजच्या लेखकाला क्वचितच लाभते.

काही क्षेत्रांत हा संयम लेखकावर सोडलेला नाही. विमानांच्या देखभाल-पुस्तिकांसाठी १९८० च्या दशकात आखलेल्या सोप्या इंग्रजीच्या नियमांत, म्हणजेच आजच्या एएसडी-एसटीई१०० मानकात, मान्य शब्दाला शक्यतो एकच अर्थ असतो. कृती सांगणाऱ्या वाक्याला २० शब्दांची मर्यादा आहे, वर्णनाच्या वाक्याला २५. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत ‘मस्ट’ (केलेच पाहिजे), ‘शुड’ (करावे) आणि ‘मे’ (केले तरी चालेल) यांपैकी कोणता शब्द किती बंधनकारक, हे १९९७ च्या आरएफसी २११९ या दस्तऐवजाने ठरवून दिले.

मार्कडाउन व एक्सएमएल (मजकुराची रचना खुणांनी दाखवण्याच्या पद्धती) आणि गिट (फायलींतले बदल नोंदवून ठेवणारी प्रणाली) ही साधने नोकरीच्या जाहिरातींत ठळक दिसतात, पण ती कामापुरती लवकर शिकता येतात. चिकाटी मात्र पुढेही लागते. नव्या आवृत्तीत ‘जतन करा’चे ‘सेव्ह’ झाले की ते बटण दाखवणारा प्रत्येक स्क्रीनशॉट हुडकून बदलावा लागतो, आणि हा बदल झाल्याचे लेखकाला बहुधा कुणी सांगितलेलेच नसते.