आवाजाच्याच दारातून शिरणारं औषध

१९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुणाला मातीतल्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. पेनिसिलिनला दाद न देणारा टीबी त्याने हटू लागला. पण १९४५ मध्येच मेयो क्लिनिकच्या हिनशॉ आणि फेल्डमन यांनी नोंदवलं, की काही रुग्णांचा तोल जातो. असा माणूस उजेडात डोळ्यांच्या आधाराने चालतो. दिवे गेले की भिंत चाचपडत राहतो.

उतारा म्हणून डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिन आलं. त्यात तोल बराचसा सांभाळला गेला, पण कान गेले, काहींचे तर इंजेक्शनं बंद झाल्यावर. पुढे आलेली कानामायसिन, जेंटामायसिन ही त्याच कुळातली.

हे कान जातात कसे, हे कळायला मात्र दशकं लागली. आधी वाटायचं, की अंतर्कर्णातल्या द्रवात औषध रक्तापेक्षाही जास्त साठत असेल. मोजल्यावर ते कमीच भरलं. फक्त तिथून त्याचा निचरा फार सावकाश होतो. खरी गोम रोमपेशींत होती. आवाजाने या पेशींवरचे सूक्ष्म रोम कलतात, त्यांच्या टोकांची छिद्रं उघडतात, पोटॅशियम आत जातं आणि आपल्याला ऐकू येतं. बाहेरचा द्रव सुमारे ८० मिलिव्होल्टने धन, पेशीचा आतला भाग ऋण. औषधाचा रेणूही धनभारित, त्यामुळे तोही त्याच छिद्रांतून आत खेचला जातो आणि आतच अडकून पडतो. २००५ मध्ये उंदरांच्या पेशींवर हे दाखवलं गेलं ते डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिनच्याच बाबतीत, म्हणजे सुरक्षित म्हणून आणलेल्या त्याच औषधाच्या.

आधी मरतात त्या उंच सूर टिपणाऱ्या पेशी. त्यामुळे सुरुवातीला कुणाच्या लक्षातच येत नाही. मग ‘साठ’ म्हटलं की ‘आठ’ ऐकू येतं. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

१९९३ मध्ये आणखी एक धागा सापडला. आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकाच्या, डीएनएत एका अक्षराचा बदल असला, तर नेहमीच्या मात्रेनेही बहिरेपण येऊ शकतं.

आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही स्ट्रेप्टोमायसिन बनायचं. टीबी उलटला की दोन महिने सुई ठरलेली असायची. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी कानामायसिन वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं. फार उशीर झाला, असंच मला वाटतं. जेंटामायसिन मात्र नवजात बाळांच्या जंतुसंसर्गात आजही जीव वाचवतं. त्या बाळाला कान वाजतोय हे सांगता येत नाही. त्याची श्रवणचाचणी मोठ्यांनीच मागून घ्यायला हवी.